सोन्याची पहिली: एका शाळाप्रवेशाचा प्रकरण अभ्यास

सोन्याची आई माझ्याकडे पहिल्यांदा आली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. हातात निळी प्लॅस्टिकची फाईल होती. त्यात डॉक्टरांचे रिपोर्ट, स्पीच थेरपीच्या पावत्या, बालवाडीचं प्रगतिपत्रक आणि तीन शाळांचे प्रवेश अर्ज. बसल्याबसल्या म्हणाली, "ताई, तीन शाळा झाल्या. चौथीची पायरी चढायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

मी पिंपरी-चिंचवडमध्ये विशेष शिक्षिका म्हणून काम करते. प्रवेशाच्या दिवसांत अशा फाईली घेऊन बरेच आईबाप येतात. त्यातलं हे एक प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात सोन्या म्हणतात, इथेही तेच म्हणते.

तेव्हा सोन्या सव्वापाच वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमचं निदान केलं होतं. त्याआधीचं वर्षभर घरचे आणि शेजारचे "लॉकडाऊनमुळे बोलत नाही, होईल सगळं ठीक" असं म्हणत राहिले. त्या काळात लहान असलेल्या कितीतरी मुलांचं निदान असंच लांबलं. सोन्या बोलायचा, पण ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी. मेट्रोवर त्याचा फार जीव. संत तुकाराम नगर, भोसरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी ही स्थानकं तो निवेदिकेच्या आवाजात, तिच्याच चढउतारासकट म्हणायचा. काही असह्य झालं की कानांवर हात ठेवून "पुढील स्थानक, पुढील स्थानक" असा धोशा लावायचा. त्याचा अर्थ आईला पाठ होता: मला इथून घेऊन चला. शंभरपर्यंतचे आकडे त्याला येत होते. शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मिक्सर, हँड ड्रायर, कर्कश घंटा यांचा त्याला खराखुरा त्रास व्हायचा. बरोबरीची मुलं शेजारी बसलेली त्याला आवडायची, पण त्यांच्यात शिरायचं कसं हे उमगत नव्हतं.

तीन शाळा आणि एक स्टॅम्पपेपर

पहिल्या शाळेत 'इंटरअ‍ॅक्शन' होतं. चार मुलं एका खोलीत, समोर फ्लॅशकार्ड घेतलेल्या बाई, आईबाप काचेबाहेर. सोन्या टेबलाखाली जाऊन बसला, कारण एसीचा आवाज तिथे कमी येत होता. दोन दिवसांनी फोन आला, जागा भरल्या. दुसऱ्या शाळेतल्या समुपदेशक प्रेमाने म्हणाल्या, आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, त्याचंच नुकसान होईल. तिसऱ्या शाळेने होकार दिला, पण शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र मागितलं. त्याचा मसुदा फाईलमध्येच होता. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाच्या शेजारी बसून मदत करणारी, पालकांनी स्वखर्चाने आणावी. पाल्याला किंवा पाल्यामुळे इतरांना इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. आणि शेवटचं कलम: शाळेने सांगितल्यास पालक कोणत्याही वेळी, कोणतीही तक्रार न करता शाळा सोडल्याचा दाखला काढून नेतील.

सोन्याचे बाबा चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. मितभाषी माणूस. ते म्हणाले, "मॅडम, सही केली की विषय संपतो. पुढचं पुढे बघू."

मी त्यांना सही करू नका असं सांगितलं, आणि का ते कायद्याच्या भाषेत समजावलं, कारण त्यांना कागदाची भाषा कळते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. १६ व्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा आली, पण काढून टाकण्याची नाही. दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचंही १६ वंच कलम महत्त्वाचं. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची आणि वैयक्तिक आधार द्यायचा असं ते सांगतं. पालकांची सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते. "आम्ही खाजगी, विनाअनुदानित, आम्हाला ते लागू नाही," असं त्यांना सर्रास ऐकवलं जातं. अनुदान नसलं तरी मान्यता असतेच. वाजवी सोय नाकारणं हाच या कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे.

मग आम्ही पहिल्या शाळेला एक पानी पत्र लिहिलं. भाषा साधी आणि आदराची. अमुक तारखेला आम्ही अर्ज केला, अमुक तारखेला जागा नसल्याचं फोनवर कळलं. आमच्या मुलाला प्रवेश नाकारला असेल तर कारण लेखी द्यावं ही विनंती. दोन्ही कायद्यांच्या कलमांचा शेवटी एका ओळीत उल्लेख. एवढंच. कचेरीतल्या कारकुनाने आवक शिक्का मारायला नकार दिला, तेव्हा तेच पत्र पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला दिली. दहाव्या दिवशी शाळेतून फोन आला: या, एक जागा झाली आहे.

बाबांना वाटलं, जिंकलो. मला त्या संध्याकाळी त्यांचा उत्साह मोडायचा नव्हता, पण विचारावं लागलं: ज्या शाळेने सात मिनिटांत पोराला बाहेर काढलं, तिथे त्याचा दिवस कसा जाईल? आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टेबलाखालून काढताना त्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं होतं. मी सांगितलं नव्हतं कुणाला." तो प्रवेश त्यांनी घेतला नाही. पत्र लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. ते लिहायलाच हवं, कारण पुढच्या वर्षी त्याच खोलीत दुसरं मूल बसणार असतं. पण दार उघडून घेणं हे एक काम आणि त्या दारातून मुलाला आत पाठवायचं की नाही हे ठरवणं हे दुसरं काम. आईबाप थकलेले असले की ही दोन कामं एकमेकांत मिसळतात.

साठ टक्के

तोवर सोन्याचा दिव्यांगत्वाचा दाखला काढलेला नव्हता. कारण आजी. "एकदा शिक्का बसला की जन्माचा," असं त्यांचं म्हणणं. पण शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा तर दिव्यांग बालक म्हणून किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. त्यावर वंचित गटातून अर्ज करता येतो आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. शिवाय पुढे युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आयकरातली वजावट, नॅशनल ट्रस्टची एक लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना, सगळं याच कागदावर उभं असतं. ऑनलाइन अर्ज भरला, सरकारी रुग्णालयाची तारीख मिळाली. सकाळी आठला रांगेत उभं राहून दुपारी दोनला नंबर लागला. तपासणी आयसा या भारतीय मोजपट्टीवर होते. तिच्यात चाळीस बाबी असतात आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण देतात. सोन्याच्या दाखल्यावर ६० टक्के आले.

त्या रात्री आईचा फोन आला. आवाज बसलेला. "साठ टक्के म्हणजे काय हो ताई? माझं पोर साठ टक्के कमी आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर दरवेळी मला नव्याने शोधावं लागतं. मी म्हटलं, तो आकडा सरकारी खिडकीसाठी आहे. सोन्या काय शिकेल हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी बसून दुसरा एक कागद तयार केला, जो मी प्रत्येक मुलासाठी करवून घेते. एकच पान. वर सोन्याचा हसरा फोटो. खाली आईच्या शब्दांत: मला काय आवडतं. मला कशाचा त्रास होतो. त्रास झालाय हे कसं ओळखायचं. तेव्हा काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. "पुढील स्थानक म्हणजे मला बाहेर जायचंय." "दंडाला धरू नका. हात पुढे करा, मी धरतो." "शब्दात सांगितलेलं विसरतो, चित्रात दाखवलेलं लक्षात राहतं." शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांच्या हातात आधी हे पान द्यायचं आणि रिपोर्टांची फाईल मागितली तरच पुढे करायची, असं ठरलं. जाडजूड फाईल आधी दिली की समोरचा माणूस मुलाऐवजी आजार वाचायला लागतो.

मधली सुट्टी दाखवा

डिसेंबर ते मार्च आम्ही आणखी चार शाळा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी माझी विनंती एकच, इमारत दाखवू नका, मधली सुट्टी दाखवा. ज्या शाळेत सुट्टीत एकटं पडलेलं मूल कुणाच्या तरी नजरेत असतं, तिथे बाकीचं जमवता येतं. विशेष शिक्षक आहेत असं शाळा सांगत असेल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तिचा सीआरआर हा नोंदणी नंबर आहे का, आणि किती मुलांमागे त्या एकट्या आहेत, हे विचारायचं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मधल्या अधिसूचनेत प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक असं प्रमाण धरलं आहे. प्रत्यक्षात हजार-दीड हजार पटाच्या शाळेत एकच बाई असतात आणि समुपदेशन, परीक्षांच्या सवलती, पालकसभा सगळं त्यांच्याच गळ्यात असतं.

या चारपैकी एक विशेष शाळा होती. तिच्याबद्दल सावकाश लिहायला हवं, कारण 'विशेष शाळा' म्हटलं की पालकांना हार मानल्यासारखं वाटतं. शाळा उत्तम होती. सात मुलांमागे एक शिक्षिका, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी मोठी मुलं, कुणाचा आवाज चढलेला नाही. काही मुलांसाठी मी डोळे मिटून हीच सुचवते, आणि कायदाही ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा असा पर्याय देतो. सोन्याच्या बाबतीत मी अडखळले ते एका गोष्टीपाशी. त्या हिवाळ्यात तो बालवाडीतल्या मुलांच्या नकला करू लागला होता. कुणी चप्पल रांगेत ठेवली की हाही ठेवायचा. कुणी डबा उघडला की हाही. नक्कल सुरू झाली की शिकायला सोबतीची मुलं लागतात, बोलणारी, भांडणारी, गलका करणारी. हे दार बंद करावंसं वाटेना.

चौथी जागा एका संस्थेची छोटी, स्वयंअर्थसहाय्यित मराठी शाळा. पहिलीच्या वर्गात ३४ मुलं. मुख्याध्यापिकांनी एक पानी ओळख दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "मला यातलं फारसं कळत नाही. आमच्या पहिलीच्या बाईंनाही नाही. तुम्ही येऊन सांगणार असाल तर आम्ही घेऊ." हमीपत्र नाही, इंटरअ‍ॅक्शन नाही. फी वर्षाला २४,०००. मराठी माध्यम म्हणून बाबा थोडे हिरमुसले. मला मात्र ते बरं वाटलं. ज्या भाषेत आजी रागावते आणि आई समजूत घालते, त्याच भाषेत बाई सूचना देणार होत्या. सोन्याला शब्द समजायलाच कष्ट पडत असताना एक तरी ओझं कमी.

२०२४ चा जुलै

राखीव जागेचा अर्जही भरायचा होता, आणि ते वर्ष नेमकं गोंधळाचं निघालं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून सूट. आईने एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं तेव्हा जवळच्या खाजगी शाळा यादीतच नव्हत्या. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, तेव्हा अर्ज पुन्हा भरावा लागला. अंतिम निकाल आला १९ जुलैला आणि तो नियम रद्द झाला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. सोन्या जूनपासून छोट्या शाळेत जायला लागला होता.

निकालानंतर काही दिवसांतच मेसेज आला. घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मोठ्या इंग्रजी शाळेत सोन्याची निवड झाली होती.

आठवीपर्यंत मोफत. बाबांनी हिशेब मांडला: आठ वर्षांची फी आजच्या दरानेच १,९२,००० होते, वाढ धरली तर त्याहून बरीच. थेरपीचे दर आठवड्याचे पैसे वेगळे. ओव्हरटाइम करून कमरेचा त्रास ओढवून घेतलेल्या माणसाला हा आकडा सोडून द्या असं सांगायचा मला काय अधिकार? मी एवढंच म्हटलं, आधी तिथे अर्धा तास बसून येऊ.

बाबा आणि मी गेलो. शाळा वाईट नव्हती. पहिलीत ४२ मुलं. मोठा डिजिटल फळा. दाराच्या वरच लाऊडस्पीकर, तास संपला की त्यातून सायरनसारखा आवाज. तो झाला तेव्हा बाबांनी आपसूक माझ्याकडे पाहिलं. तिथल्या विशेष शिक्षिका प्रामाणिक बाई होत्या. "पहिली-दुसरीच्या वर्गांपर्यंत मी आठवड्यातून एकदा पोचते. रोज कुणी बसणार असेल तर पालकांनाच माणूस द्यावा लागतो." हे मोफत जागेत कसं बसतं असं मी कचेरीत विचारलं. "विचारून कळवतो" असं उत्तर आलं. मुदतीचे दोन दिवस उरले होते. कुणी कळवलं नाही.

शेवटी कुटुंबाने ती जागा सोडली. निर्णय आईने बोलून दाखवला, पण सायरन ऐकल्यापासून बाबांचाही तोच होता असं मला वाटतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. हा निर्णय मी सगळ्यांना सांगत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीसाठी मी राखीव जागा हट्टाने घ्यायला लावली आणि ती तिथे छान रुळली आहे. आणि सोन्याच्या घरच्यांनी जागा सोडली यात मला समाधान नाही. मोफत शिक्षण आणि सोबत लागेल तो आधार, दोन्ही एकाच मुलाला एकाच शाळेत मिळावं असं दोन कायदे मिळून सांगतात. सरकार अशा जागेमागे शाळेला वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देतं, तीही वर्षानुवर्षं रखडते, आणि त्यात दिव्यांग मुलाच्या मदतनिसाचा विचारच नाही. ज्या घराला २४,००० भरणं शक्य नाही, त्याने काय करायचं? सोन्याच्या आईबापांना निवड करता आली. तशी करता न येणारी घरं माझ्या यादीत जास्त आहेत.

माझी चूक

ऑगस्टपासून आम्ही सोन्यासोबत शॅडो टीचर ठेवली. महिना १२,०००. हा माझा आग्रह होता. मुलगी हुशार, मायाळू, डी.एड. झालेली. ती सोन्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायची, वही उघडून द्यायची, बाईंनी सांगितलेलं पुन्हा त्याच्या कानात सांगायची. पहिले तीन आठवडे सगळे खूश. सप्टेंबरच्या शेवटी मी वर्गात जाऊन मागे बसले, आणि मला दिसलं ते असं: बाईंनी विचारलं, "सोन्या, आज वार कोणता?" सोन्याने शॅडो टीचरकडे पाहिलं. तिने "बुधवार" म्हटलं. मग सोन्याने तिच्याचकडे बघत "बुधवार" म्हटलं. मधल्या सुट्टीत दोन मुली आल्या आणि सोन्याच्या डोक्यावरून तिला म्हणाल्या, "ताई, सोन्या येईल का खेळायला?"

ज्या सोबतीसाठी ही शाळा निवडली, तिच्या आड मीच एक खुर्ची आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बसलो: मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, शॅडो टीचर आणि मी. खुर्ची आधी एक बाक मागे गेली, मग वर्गाच्या शेवटी. तिने सोन्याबरोबर आणखी पाच-सहा मुलांच्या वह्या बघायच्या, म्हणजे ती सोन्याची न राहता वर्गाची ताई होईल. सोन्याला सूचना बाईच देतील, तोंडाने आणि चित्राने. दिवाळीनंतर ती पहिले दोन तास आणि मधली सुट्टी एवढ्यापुरतीच थांबू लागली. शाळेने तिला वर्गसहायिका म्हणून घेतलं, ५,००० शाळा देऊ लागली आणि तेवढा भार पालकांवरून उतरला. यासाठी मुख्याध्यापिकांना संस्थेच्या बैठकीत दोनदा भांडावं लागलं.

चित्रांच्या वेळापत्रकाची युक्ती मात्र वर्गशिक्षिकांची. मी त्यांना साधी कार्डं करून दिली होती: प्रार्थना, मराठी, गणित, डबा. त्यांनी ती एका लांब जांभळ्या पट्टीवर मेट्रोच्या मार्गासारखी चिकटवली, पुठ्ठ्याचा छोटा डबा केला, आणि तास संपला की सोन्याने उठून तो डबा पुढच्या कार्डावर सरकवायचा. सरकवताना तो म्हणायचा, "पुढील स्थानक, गणित." तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग त्याच्याबरोबर म्हणायला लागला. जे वाक्य इतके दिवस पळून जाण्याचं होतं, ते त्या वर्गात पुढच्या तासाला जाण्याचं झालं. घंटा पितळीच होती. शिपाईमामा ती देण्याआधी खिडकीशी येऊन हात वर करायचे, मग सोन्या कान झाकून तयार राहायचा.

जानेवारी

स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीला स्टेजवर मोठे स्पीकर लागले होते. वेळापत्रकाच्या पट्टीवर तालीम नव्हती. शॅडो टीचर रजेवर. गाणं सुरू झालं, सोन्या "पुढील स्थानक" म्हणत दाराकडे निघाला, त्याला न ओळखणाऱ्या वरच्या वर्गाच्या एका बाईंनी दंडाला धरून ओळीत आणलं. सोन्याने शेजारच्या मुलाच्या हाताला चावा घेतला. दातांचे व्रण उठले.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सत्तर-ऐंशी मेसेज झाले. अशा मुलांना वेगळी शाळा असते. आमच्या मुलांच्या सुरक्षेचं काय? सोन्याची आई त्याच गटात होती. तिने सगळे वाचले.

मला त्या रात्री तो स्टॅम्पपेपर आठवत होता. तिसऱ्या शाळेत ती सही झाली असती, तर सकाळी दाखला हातात पडला असता आणि कुणाला जाब विचारायलाही जागा उरली नसती.

मुख्याध्यापिकांनी काय केलं ते नोंदवण्यासारखं आहे. सकाळी सात वाजता त्या चावा बसलेल्या मुलाच्या घरी गेल्या. माफी शाळेच्या वतीने मागितली, सोन्याच्या वतीने नाही. "तालमीची पूर्वकल्पना द्यायची होती, ती आम्ही दिली नाही. ज्या बाईंनी त्याला धरलं, त्यांच्यापर्यंत त्याची माहितीही आम्ही पोचवली नव्हती. चूक आमची," असं त्या म्हणाल्या. मग दोन्ही आयांना शाळेत बोलावलं. त्या मुलाची आई रागात होती आणि तिचा राग रास्त होता. सोन्याची आई हात जोडून उभी राहिली तेव्हा मुख्याध्यापिकांनी तिला खुर्चीवर बसवलं. अर्धा तास चर्चा झाली. त्या आईने शेवटी एकच विचारलं, "पुन्हा होणार नाही याची खात्री देता का?" कुणीही खोटी खात्री दिली नाही. काय काय बदलू, ते सांगितलं. सोन्याची एक पानी ओळख त्या दिवसापासून शिपाईमामांसकट प्रत्येकाकडे गेली. तालीम असो, सहल असो, वेळापत्रकात बदल असेल तर आदल्या दिवशी घरी कळवायचं ठरलं. वर्गसहायिका रजेवर असेल त्या दिवशी कुणी बघायचं, त्याचं नाव लिहून ठेवलं. हे सगळं एका कागदावर, खाली शाळेची आणि पालकांची सही. सही न केलेल्या त्या हमीपत्रानंतर पालकांनी सही केलेला हा पहिला कागद. यात जबाबदारी दोन्हीकडे लिहिलेली होती.

चावा बसलेला मुलगा आठवडाभर सोन्याच्या शेजारी बसला नाही. मग आपणहून परत बसायला लागला. का, ते कुणी त्याला विचारलं नाही.

सध्या

सोन्या आता दुसरी पार करतो आहे. जोडाक्षरं वाचतो, बेरीज तोंडी पटापट करतो, शाब्दिक उदाहरणं अडतात. बटणं लावतो, वरचं एक सोडून. स्वतःच्या मनातली वाक्यं बोलतो, तीन-चार शब्दांची. दुसरीच्या बाई वेगळ्या आहेत, त्यांना जांभळी पट्टी नको होती, फळ्यावर लिहिलेलं पुरेल असं वाटत होतं. दोन आठवडे पुरलं नाही, मग पट्टी परत आली. दाखल्याची फेरतपासणी पुढे आहे. आईने सकाळच्या वेळात लॅबमधली जुनी नोकरी अर्ध्या दिवसासाठी पुन्हा धरली आहे.

मुख्याध्यापिका पुढच्या वर्षी निवृत्त होतात. म्हणून यंदाच्या मार्चच्या बैठकीत आम्ही संस्थेच्या विश्वस्तांनाही बोलावलं आहे. विषय तीन: वर्गसहायिकेचा पूर्ण पगार शाळेने उचलणं, सगळ्या शिक्षकांसाठी जूनमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि पहिलीत येऊ घातलेली एक मुलगी. तिचे आईबाप गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले होते. त्यांच्या फाईलमध्येही एक स्टॅम्पपेपर होता, अजून कोरा.